अक्षर लिहायचं की काढायचं? जुन्या पीसीचा पडदा आणि आपली लिपी

मागच्या खेपेला व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने विचारलं होतं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाने संगणकाच्या इतिहासात कशाला डोकवावं? तेव्हा वेळ संपली होती, उत्तर राहून गेलं. आज ते देतो आहोत, पण जरा लांबच्या वाटेने.

आमच्या घरी पत्र्याचा एक डबा आहे. त्यात सव्वापाच इंची फ्लॉप्या आहेत, एकेकीवर ३६० किलोबाइट मावायचे त्या जातीच्या. १९८९ ते १९९२ या काळात आमच्या विभागात न्यायदर्शनातल्या संज्ञांचा एक मराठी कोश तयार होत होता. व्याप्ती, उपाधी, पक्षता, प्रामाण्य, अशा हजाराच्या आसपास नोंदी. कोश छापला गेला नाही. अनुदान संपलं, माणसं पांगली, आणि मूळ कार्डांचा गठ्ठा एका पावसाळ्यात भिजून त्याचा लगदा झाला. उरल्या त्या या फ्लॉप्या. गेल्या वर्षी एका माजी विद्यार्थ्याने खटपट करून त्या वाचल्या आणि फाइल आमच्यापुढे उघडली. आत मराठीचं एक अक्षर नव्हतं. नुसते आकडे होते. पहिले चार आकडे: १, २, ३, २.

चार वर्षांचं काम, आणि ते आम्हालाच वाचता येईना. असं का झालं हे समजून घ्यायचं तर जुन्या पीसीच्या पडद्यावर ठिपके कसे उमटायचे, तिथपर्यंत जावं लागतं. आम्हीही तसेच गेलो.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने पीसी बाजारात आणला तेव्हा पडद्यासाठी दोन कार्डं मिळत. एक मोनोक्रोम, कचेरीतल्या कामासाठी. दुसरं कलर ग्राफिक्स, ज्याला सगळे सीजीए म्हणायचे. मोनोक्रोम कार्डावर अक्षरं फार सुबक दिसायची. एका ओळीत ८० अक्षरं, अशा २५ ओळी, आणि प्रत्येक अक्षराला ९ ठिपके रुंद व १४ ठिपके उंच अशी चौकट. गुणाकार करून बघा: ७२० आडवे, ३५० उभे. म्हणजे अडीच लाख ठिपके. त्या काळाच्या मानाने वीण बरीच बारीक. पण यातला एकही ठिपका प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या मालकीचा नव्हता. कार्डावर मेमरी होती जेमतेम ४ किलोबाइट, आणि तिच्यात ठिपके नसायचेच, अक्षरांचे क्रमांक असायचे. ६५ लिहिलं की पडद्यावर कॅपिटल ए. त्या ए चा आकार कार्डावरच्या एका चिपमध्ये कायमचा कोरलेला. असे एकूण २५६ आकार: इंग्रजी अक्षरं, थोडी युरोपी, थोडी ग्रीक, तक्ते आखायच्या रेघा, पत्त्यांमधले बदाम-इस्पिक, आणि चक्क दोन हसरे चेहरे. हसऱ्या चेहऱ्याला जागा होती. 'क' ला नव्हती. यात कुणाचा दुष्टपणा होता असं आम्ही म्हणत नाही. ज्यांनी ते यंत्र बनवलं त्यांच्यापुढे त्यांची कचेरी होती, इतकंच.

सीजीएमध्ये ठिपके आपल्या हातात यायचे, पण ते फार थोडे. १६ किलोबाइट मेमरीत ६४० बाय २०० ठिपके दोन रंगांत, किंवा ३२० बाय २०० चार रंगांत. उभ्या अंगाला २०० रेघा. देवनागरी अक्षर नीट काढायचं तर वर वेलांटी-मात्रेला जागा हवी, खाली उकाराला हवी, मध्ये जोडाक्षराच्या पोटाला हवी. २४ ठिपक्यांची उंची धरली तर २०० रेघांत मजकुराच्या ८ ओळी बसतात. आठ ओळींत निबंध वाचून दाखवा!

म्हणजे एका कार्डावर वीण बारीक पण हात बांधलेले, दुसऱ्यावर हात मोकळे पण वीण जाडी. ही कोंडी फोडली ती एका थाई माणसाने, आणि त्याला ती फोडावीशी वाटली ती त्याच्या लिपीमुळे. व्हॅन सुवन्नकुल हे त्याचं नाव. त्याला आपल्या प्रबंधाचं काम पीसीवर थाई लिपीत करायचं होतं. थाई लिपी आपल्या ब्राह्मीच्याच घराण्यातली, ख्मेरमार्गे तिकडे गेलेली. तिच्यातही स्वरचिन्हं व्यंजनाच्या वर-खाली बसतात, आणि त्यांच्यावर पुन्हा सुराची खूण चढते. आयबीएमच्या दोन्ही कार्डांवर हे जमण्यासारखं नव्हतं. त्याने स्वतः कार्ड बनवलं, आणि १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात हर्क्युलिस नावाची कंपनी उभी राहिली. मोनोक्रोम मॉनिटरवर तीच सुबक इंग्रजी अक्षरं, शिवाय ७२० बाय ३४८ ठिपके, प्रत्येक ठिपका आपल्या हातात. पुढे लोटस १-२-३ ने या कार्डावर आलेख दाखवायची सोय केली आणि ते जगभर खपलं. आपल्याकडे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला जे एक्सटी जातीचे पीसी आले त्यांत बहुतेकांत हर्क्युलिस नाहीतर त्याची नक्कल असायची. हिरवी किंवा केशरी अक्षरं आठवत असतील तुमच्यापैकी काहींना. ग्राफिक्सचा इतिहास सांगताना लोक खेळांपासून सुरुवात करतात. आम्हाला वाटतं, एक धागा थेट लिपीच्या अडचणीतून आलेला आहे, आणि तो सांगायला हवा.

आता जरा आत शिरू. गणित येईल, पण चौथीच्या पलीकडचं नाही.

मोनोक्रोम कार्डावर ३५० रेघा होत्या, मग हर्क्युलिसवर ३४८ का? दोन रेघा गेल्या कुठे? याचं उत्तर मोटोरोलाच्या ६८४५ या चिपमध्ये आहे. पडद्यावरची किरणशलाका कुठून कुठे न्यायची, कधी परत आणायची, मेमरीतला कोणता बाइट कधी उचलायचा, हे सगळं ही चिप ठरवायची. आणि ही चिप बनली होती अक्षरं दाखवणाऱ्या टर्मिनलसाठी. तिला 'ठिपक्यांच्या रेघा' ही कल्पनाच नाही. तिला माहीत असतात 'अक्षरांच्या ओळी', आणि त्या ओळींची मोजणी ठेवायला तिच्याकडे ७ बिट. म्हणजे १२८ च्या पलीकडे ती मोजूच शकत नाही. मग ३४८ रेघा तिच्या गळी कशा उतरवायच्या? तिला सांगायचं, की बाई, तुझ्या ८७ ओळी आहेत, आणि प्रत्येक ओळीतलं अक्षर फक्त ४ रेघा उंच आहे. ८७ चोक ३४८. ३५० ला ४ ने भाग जात नाही, म्हणून दोन रेघा सोडल्या. आडव्या अंगालाही तेच: ४५ 'अक्षरं', प्रत्येक १६ ठिपके रुंद, मिळून ७२०. सीजीएवर याच युक्तीने १०० ओळी, प्रत्येक २ रेघांची, असा २०० चा हिशेब जमवला होता.

थांबून याकडे बघा. ज्याला आपण ग्राफिक्स मोड म्हणतो, चित्राची अवस्था म्हणतो, तिच्या तळाशी यंत्र अजून अक्षरंच दाखवतं आहे अशी त्याची समजूत करून दिलेली होती. आम्हाला हे कळलं तेव्हा रात्री झोप आली नाही. वेदान्ताच्या तासाला दोरी आणि साप शिकवून शिकवून आम्ही कंटाळलो होतो. इथे दोरीलाच साप असल्याचं पटवून तिच्याकडून काम करून घेतलं होतं!

या युक्तीची किंमत प्रोग्रॅमरला मोजावी लागायची. चिप 'ओळीतली कितवी रेघ' हा आकडा स्वतंत्र तारांवर देते, आणि त्या तारांनी मेमरीचे चार कप्पे निवडले जातात, प्रत्येक ८१९२ बाइटांचा. म्हणून पडद्यावर एकाखाली एक असलेल्या रेघा मेमरीत शेजारी नसायच्या. शून्यावी रेघ पहिल्या कप्प्यात, पहिली दुसऱ्यात, दुसरी तिसऱ्यात, तिसरी चौथ्यात, चौथी पुन्हा पहिल्यात. एखादा ठिपका पेटवायचा तर असं करायचं: रेघेच्या क्रमांकाला ४ ने भागा. बाकी येईल तिला ८१९२ ने गुणा. भागाकाराला ९० ने गुणा, कारण ७२० ठिपके म्हणजे ९० बाइट. ठिपक्याच्या आडव्या क्रमांकाला ८ ने भागा. तिन्हींची बेरीज म्हणजे बाइटचा पत्ता. समजा ५० व्या रेघेवरचा १०० वा ठिपका हवा आहे. ५० भागिले ४, भागाकार १२, बाकी २. दोन गुणिले ८१९२ म्हणजे १६३८४. बारा नव्वदे १०८०. शंभर भागिले ८, भागाकार १२, बाकी ४. बेरीज १७४७६, आणि त्या बाइटमधला डावीकडून पाचवा बिट, कारण मोजणी शून्यापासून. एका ठिपक्याला एवढा व्याप.

त्यातून आयबीएमच्या बायॉसला हर्क्युलिस ठाऊकच नव्हतं. सीजीएचा मोड बदलायचा तर बायॉसला एक आकडा सांगून काम होई. इथे ६८४५ चे १२ रकाने एकेक करून स्वतः भरायचे. त्यात ते ८७ आणि ४५ यायचे, बाकीचे आकडे किरणाच्या वेळेचे. चुकीचा आकडा गेला तर मॉनिटर खरोखर बिघडू शकायचा, कारण ते मॉनिटर मुकाट्याने येईल त्या तालावर नाचायचे. एकदा आमच्या मॉनिटरने बारीक शिट्टी घातली तेव्हा आम्ही आणि आमचा विद्यार्थी, दोघांनी एकदम प्लगकडे झेप घेतली होती. सॉफ्टवेअरने लोखंड जळतं हे ज्यांनी अनुभवलं नाही त्यांना त्या काळच्या प्रोग्रॅमरची सावध चाल कळणार नाही.

रेघा अशा विस्कटून ठेवण्याचा मान एकट्या पीसीला नाही. १९७७ च्या ॲपल-२ वर स्टीव्ह वॉझ्नियॅकने २८० बाय १९२ ठिपक्यांचा मोड दिला होता, आणि तिथे शून्यावी रेघ ८१९२ या पत्त्यावर, पहिली ९२१६ वर, आठवी ८३२० वर, चौसष्टावी ८२३२ वर. शिवाय बाइटमध्ये ठिपके ७, आठवा बिट रंगाच्या कामाला. चिपा वाचवण्यासाठी त्याने केलेली ही काटकसर, आणि तीही फार हुशारीची. तबकडीवरून चित्र येताना ते वरून खाली न भरता पट्ट्यापट्ट्यांनी यायचं, खिडकीची झडप उघडावी तसं. हार्डवेअरवाल्याने दोन चिपा वाचवल्या की हजारो प्रोग्रॅमरांनी जन्मभर गुणाकार करायचे, अशी ती वाटणी होती.

आता आमच्या विभागाकडे येऊ. विभागाला एक पीसी मिळाला होता, हर्क्युलिसजोगं कार्ड आणि हिरवा पडदा. आमचा एक एम.ए.चा विद्यार्थी शास्त्र शाखेतून इकडे आला होता, त्याला टर्बो पास्कल यायचं. त्या भाषेत १९८७ च्या चौथ्या आवृत्तीपासून ग्राफिक्सची तयार साधनं होती, हर्क्युलिससाठीही. ती वापरून त्याने पहिला 'न' काढला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग पूर्ण ओळ काढली, आणि टाळ्या थांबल्या, कारण ओळ उमटताना बघत बसावं लागे. तेव्हा त्याने तयार साधनं बाजूला ठेवून थेट मेमरीत बाइट लिहायला सुरुवात केली. अक्षर १६ ठिपके रुंद, २४ उंच. सोळा का, तर दोन पूर्ण बाइट. मधून बाइट तोडायला नको. चोवीस का, तर त्याला ४ ने भाग जातो, कप्प्यांचा हिशेब सोपा. म्हणजे आमच्या 'न' ची मापं कुठल्या कित्त्यावरून नव्हे, ६८४५ च्या सोयीने ठरली.

आकार आम्ही काढायचो, आलेखकागदावर, पेन्सिलीने. संध्याकाळी विभागात बसून एकेक चौकोन काळा करायचा, मग त्याचे आकडे करायचे. ४८ बाइट एका अक्षराचे. जोडाक्षरं आली की आमची कसोटी. 'द्ध' चं पोट १६ ठिपक्यांत बसवून दाखवा म्हणजे कळेल. शिरोरेखा मात्र सोपी होती: दोन ठिपके जाड, चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेजारची चौकट चिकटली की रेघ आपोआप अखंड. हे सुख नेहमीच्या अक्षर-अवस्थेत मिळालंच नसतं, कारण तिथे आकार ८ ठिपक्यांचा साठवलेला असे आणि नववा ठिपका मुद्दाम कोरा, इंग्रजी अक्षरं सुटी दिसावीत म्हणून. फक्त १९२ ते २२३ या ३२ क्रमांकांना सूट होती, तिथे आठवा ठिपकाच नवव्या जागी पुन्हा उमटे, कारण ती तक्त्याच्या रेघांची चिन्हं. तक्त्याची रेघ तुटू नये याची काळजी यंत्राने घेतली होती. शब्दाच्या डोक्यावरही रेघ असू शकते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

हिशेब असा बसला: आडवी ४५ अक्षरं, उभ्या १४ ओळी. एकूण ६३०. त्याच पडद्यावर इंग्रजी २००० मावत. आणि मजकूर वर सरकवायचा तर इंग्रजीला ४ हजार बाइट हलवायचे, आम्हाला ३१ हजार. ४.७७ मेगाहर्ट्झच्या यंत्रावर हा जवळजवळ आठपट बोजा नुसता डोळ्यांना जाणवे. आम्ही त्याला 'लिपीचा कर' म्हणायचो.

पण खरी चूक दुसरीच होती, आणि ती आमची होती. आकाराला क्रमांक द्यायला हवा. कोणता? ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने देत गेलो. १०, १३, २६ आणि ३२ सोडायचे, कारण ओळ संपणं, फाइल संपणं, मोकळी जागा यांना ते आधीच दिलेले. बाकी मन मानेल तसं. कोणता क्रमांक म्हणजे कोणता आकार, याचा एक तक्ता भिंतीवर चिकटवला होता. त्या तक्त्याच्या नकला कराव्यात असं कुणाच्याही डोक्यात आलं नाही. तो भिंतीवर रोज दिसत होता ना!

इथे तत्त्वज्ञानाच्या माणसाला बोलायला जागा आहे. 'क' म्हणजे काय? कागदावर दिसणारा आकार, की त्या आकारातून ओळखू येणारं काहीतरी? मीमांसकांचं म्हणणं, वर्ण नित्य आहे, उच्चार त्याला फक्त प्रकट करतो. नैयायिक म्हणतात, शब्द उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. आम्ही न्यायाचा कोश करत होतो आणि आमची अक्षरंही पक्की नैयायिक निघाली: पडद्यावर उत्पन्न झाली, तक्ता गेला तशी नष्ट झाली. हर्क्युलिसने आम्हाला ठिपके दिले. ठिपके मिळाल्यावर आम्हाला वाटलं, अक्षर मिळालं.

हा भेद ज्यांना त्याच वेळी नीट कळला होता ते लोक पुण्यातच बसले होते. काम सुरू झालं होतं कानपूरच्या आयआयटीत. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि जिस्टचं काम तिथे आलं. मोहन तांबे हे त्यातलं प्रमुख नाव. सी-डॅक म्हटलं की लोकांना परम महासंगणक आठवतो. आमच्या मते जिस्ट कार्डाने सामान्य माणसाच्या टेबलावर अधिक फरक पाडला. हे कार्ड पीसीत खोचलं की वर्डस्टार, डीबेस असे अक्षर-अवस्थेत चालणारे साधे प्रोग्रॅमही भारतीय लिपी दाखवू लागत. प्रोग्रॅमला वाटे तो नेहमीसारखे क्रमांकच पाठवतो आहे. त्या क्रमांकांतून मात्रा, जोडाक्षरं, शिरोरेखा जुळवून आकार काढायचं काम कार्ड करी. म्हणजे काढणं आणि लिहिणं वेगळं केलं. साठवायचं ते अक्षराचं नाव. आकार दर वेळी नव्याने काढायचा.

ते नाव सगळ्यांचं एक असावं म्हणून आयएससीआयआय ही प्रमाण संहिता आली, भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये. त्यात 'क' चा क्रमांक १७९. मराठीचा क, बंगालीचा क, कन्नडचा क, सगळ्यांचा १७९. दिसायचा कसा ते लिपीप्रमाणे ठरेल. जोडाक्षराला वेगळा क्रमांक नाही, मध्ये हलन्त घाला आणि पुढचं व्यंजन लिहा. मीमांसकांना आवडली असती अशी योजना. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही या संहितेच्या १९८८ च्या रूपावरून घेतलेली आहे, म्हणजे तुम्ही आज फोनवर जे टाइप करता त्याच्या मुळाशी ती आहे. आमच्या विभागाने जिस्ट कार्डासाठी अर्ज केला होता. तो वरच्या टेबलावर गेला आणि तिथेच राहिला.

पडद्याची गोष्ट पुढे वेगाने सरकली, आपणही सरकू. १९८४ मध्ये ईजीए आलं, ६४० बाय ३५०, सोळा रंग. १९८७ मध्ये व्हीजीए, ६४० बाय ४८०, सोळा रंग. किंवा ३२० बाय २००, २५६ रंग. यांत अक्षर-अवस्थेतले आकार बदलता येऊ लागले, पण एका वेळी २५६, फार तर ५१२. जोडाक्षरांच्या गर्दीला ते अपुरेच. ग्राफिक्स अवस्थेत आता कप्प्यांऐवजी थर आले. सोळा रंगांना ४ बिट लागतात, तर चार थर एकाच पत्त्यावर एकावर एक, प्रत्येक ३८,४०० बाइटांचा, आणि कोणत्या थरात लिहायचं ते आधी एका रकान्यात सांगायचं. २५६ रंगांचा मोड मात्र सरळ: ६४,००० ठिपके, ६४,००० बाइट, रेघ गुणिले ३२० अधिक आडवा क्रमांक, संपलं. पोरं त्याच्यावर खूश. पण त्या सरळपणासाठी कार्डावरच्या २५६ किलोबाइटांतला मोठा भाग वाया जाई. मायकेल अब्राश याने १९९१ मध्ये डॉ. डॉब्ज जर्नल या मासिकात दाखवून दिलं, की तोच मोड जरा उलगडला तर ३२० बाय २४० मिळतात, ठिपके चौरस होतात आणि तीन पडदे एकाच वेळी मेमरीत मावतात. त्याने त्याला मोड एक्स म्हटलं. आयबीएमने हा मोड दिलेला नव्हता, पण यंत्रात तो होता! शक्ती आणि व्यक्ती यांच्यावर तासिका घ्यावी असं हे उदाहरण आहे. खेळवाल्यांनी त्याचं सोनं केलं.

त्यानंतर प्रत्येक कंपनीने आपापलं सुपर व्हीजीए काढलं. ६४० बाय ४८० ला २५६ रंग म्हणजे ३ लाख ७ हजार २०० बाइट, आणि पीसीची खिडकी ६४ किलोबाइटचीच. तेव्हा खिडकी सरकवत पाच तुकड्यांत चित्र काढायचं, आणि खिडकी सरकवायची कळ प्रत्येक चिपवर वेगळ्या जागी. व्हेसा या संघटनेने १९८९ पासून त्यावर समान नियम आणले, मोडना सर्वांसाठी एकच क्रमांक दिले. १९९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत तर सगळी मेमरी एका सरळ पट्ट्यात दिसू लागली. भागाकार, बाकी, कप्पे, थर, सगळं इतिहासजमा झालं. आणि विंडोज आल्यावर इंग्रजीसुद्धा ठिपक्यांनी काढली जाऊ लागली. लिपीचा कर सगळ्यांनाच लागला, आणि तोवर यंत्र इतकं वेगवान झालं होतं की तो कुणाला कळला नाही.

तर ती फाइल. तक्ता नाही. आमच्या स्मरणात दहा-बारा क्रमांकही नाहीत. पण त्याच फ्लॉपीवर एक छोटी फाइल होती, ९२१६ बाइटांची. विद्यार्थी म्हणाला, सर, याला ४८ ने भाग जातो. ९२१६ भागिले ४८ म्हणजे १९२. आमचे आकार! ज्या ठिपक्यांवर आम्ही आत्ता एवढा ठपका ठेवला, तेच तिथे शाबूत होते. त्याने ते एकेक मोठे करून छापले आणि आम्ही दोघांनी डोळ्यांनी ओळखत तक्ता पुन्हा बनवला. क्रमांक १, अर्धा न. क्रमांक २, य. क्रमांक ३, काना. आणि फाइलचे पहिले चार आकडे १, २, ३, २ म्हणजे 'न्याय'. पहिला शब्द तोच टाइप करायचा म्हणून पहिले आकार तेच काढले होते, हे तेव्हा कुठे आठवलं. नंतर बराच वेळ आम्ही काही बोललो नाही.

फ्लॉपीचा एक सेक्टर मात्र खराब निघाला. ५१२ बाइट गेले, त्यांत १० आकार पूर्ण आणि दोन अर्धे. त्यातले बरेचसे संदर्भावरून लागले, शब्दकोडं सोडवावं तसे; 'व्या?ी' मध्ये काय असणार हे न्याय शिकलेल्याला सांगावं लागत नाही. शेवटी दोन क्रमांक उरले आणि यादीतली दोन अक्षरं उरली: छ आणि ऋ. 'इच्छा' मधला 'च्छ' आम्ही जोडूनच काढला होता, त्यामुळे एकटा छ मजकुरात कुठे येत नाही. ऋही येत नाही. त्या दोन क्रमांकांपैकी एक वापरलाच गेलेला नाही. दुसरा ११ ठिकाणी येतो, आणि अकराही वेळा नोंदीच्या शेवटी, जिथे लिहिणाऱ्याचं आद्याक्षर असायचं.

त्या काळी एम.ए.चे विद्यार्थी-विद्यार्थिनी एकेका सत्रापुरते मदतीला यायचे. हजेरीपटाचा मागमूस नाही, आम्हाला नाव आठवत नाही. या अकरा नोंदींत 'उपाधी' ची नोंद आहे, आणि कोशातली सगळ्यात चांगली नोंद तीच आहे. आम्ही लिहिली असती तर इतकी स्वच्छ झाली नसती. कोश आता युनिकोडमध्ये उतरवून होत आला आहे, या वर्षी तो सगळ्यांना वाचायला खुला करणार आहोत, आणि त्या अकरा नोंदींखाली नाव घालायचं आहे. छ वरून किंवा ऋ वरून ज्यांचं नाव सुरू होतं आणि १९९० च्या सुमाराला ज्यांनी आमच्याकडे न्यायाच्या नोंदी लिहिल्या, त्या हे ऐकत असतील, किंवा त्यांना ओळखणारं कुणी असेल, तर व्याख्यानानंतर आम्हाला जरूर गाठा. आता प्रश्न घेऊ.